पुस्तकावरून पुस्तकावर कसं जावं: नवशिक्यांसाठी

पोहणं, विणकाम, शेअर बाजार, मधुमेह, सगळ्यांची प्राथमिक पुस्तकं बाजारात मिळतात. हातातलं पुस्तक संपल्यावर पुढचं कोणतं घ्यावं, याचं शास्त्र मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही. त्यामुळे नवशिका वाचक सैरभैर होतो आणि याद्यांच्या तावडीत सापडतो. ‘आयुष्यात एकदा तरी वाचायलाच हवीत अशी शंभर पुस्तकं’ ही त्यातली सगळ्यात जालीम यादी. ती दिवाळी अंकात येते, शाळेच्या ग्रुपवर येते, निवृत्त होणाऱ्या साहेबांच्या भाषणातही येते. यादी करणारा माणूस विद्वान असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण तुमची आत्या भुसावळला दिलेली आहे हे त्याला ठाऊक नसतं, आणि तुमचं पुढचं पुस्तक ठरणार असतं ते नेमकं त्या आत्यावरून.

तेव्हा यादी बाजूला ठेवावी. फाडू नये, पाहुणे आले की चर्चेला उपयोगी पडते.

साहित्य

पुस्तक एक, कोणतंही. फुकट मिळालेलं असल्यास उत्तम, कारण ते आपण निवडलेलं नसतं. वाचनालयाचं सभासदत्व एक. पेन्सिल एक, ती फक्त स्वतःच्या पुस्तकात चालवायची असं कबूल करून ठेवावं. नातेवाईक अंदाजे वीस, हयात असण्याची अट नाही. आणि भोचकपणा चवीपुरता. जन्मजात असल्यास पहिल्या दोन पायऱ्या गाळल्या तरी चालतील.

कृती अशी: पुस्तक सरळ वाचत जावं. घाईत दारातून निघताना सदऱ्याची बाही कडीला अडकते ना, तसं कुठेतरी मन अडकेल. एखादं गावाचं नाव, एखादं आडनाव, कुणाची तरी जेवायला बसायची पद्धत. तिथे थांबावं आणि अडकलो कशामुळे ते पाहावं. पुढचं पुस्तक त्या जागेपासून हाताच्या अंतरावर असतं. अडकण्याचं कारण जितकं क्षुल्लक, तितकं चांगलं. ‘एकाच कालखंडातली’, ‘एकाच प्रवाहातली’ ही कारणं अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीसाठी राखीव आहेत.

पहिला सराव: भादली

सुरुवात लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’पासून करावी. १९३४ पासून भागाभागानं आलेलं हे आत्मचरित्र कुठूनही उघडलं तरी दहा पानांत काहीतरी अडकतंच. ज्यांच्या आजीनं सोवळ्यापायी अख्खं घर वेठीला धरलं होतं, ते लक्ष्मीबाईंच्या वडिलांपाशी थांबतात. ज्यांचे वडील आधी निर्णय घ्यायचे आणि मग पोस्टकार्डानं घरी कळवायचे, ते लक्ष्मीबाईंच्या पतीपाशी, ना. वा. टिळकांपाशी. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षांनी. मधल्या काळात त्यांच्यावर जे गुदरलं ते त्यांनी असं सांगितलंय की पहिल्या वाचनात हसू येतं आणि दुसऱ्या वाचनात आपण कशाला हसलो होतो ते कळतं.

धर्मांतराच्या धाग्यानं जाणाऱ्यांना बाबा पदमनजींचं ‘अरुणोदय’ आहे, पंडिता रमाबाई आहेत. ही वाट उत्तम आहे, फक्त वर्दळीची आहे, वाटेत पीएच.डी. करणारे भेटतात. नवशिक्यांनी त्यापेक्षा टिळकांच्या घरात वावरणाऱ्या ठोंबरे नावाच्या पोराकडे लक्ष द्यावं. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली आणि १९१८ साली त्याच जिल्ह्यात, भादली स्टेशनाजवळ, ते आगगाडीखाली गेले.

आता आत्या कामाला येते. लहानपणी तिच्याकडे जाताना जळगाव सुटलं की भुसावळच्या अलीकडे गाडी भादलीला थांबायची. आई म्हणायची, आता आलंच, चपला घाला. बालकवी तेव्हा तुम्हाला संदर्भासह स्पष्टीकरणापुरते ठाऊक होते आणि भादली चपला घालण्यापुरतं. पुढे कधीतरी त्यांच्या कवितेच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत ते नाव दिसतं आणि तुम्ही पान उलटत नाही. यादीतून बालकवी वाचणाऱ्याला निसर्गकवी भेटतो. तुम्हाला सत्तावीस वर्षांचा शेजारगावचा माणूस भेटतो.

इथून पुढे सोपं आहे. जळगावच्याच परिसरात आसोदे आहे, बहिणाबाई चौधरींचं माहेर. बालकवींपेक्षा त्या दहा वर्षांनी मोठ्या. इकडे संमेलनात पदव्या दिल्या जात होत्या तेव्हा छापील कवितेच्या जगाला या बाईंचा पत्ताही नव्हता. त्यांची गाणी पुस्तकरूपानं आली १९५२ साली, त्या गेल्यानंतरच्या वर्षी. भादलीहून आसोद्याला गेलेल्या वाचकाला बहिणाबाई ‘अडाणी असूनही थोर’ वाटत नाहीत. शाळेनं ते ‘असूनही’ आपल्या डोक्यात पक्कं बसवलेलं असतं, आणि ते काढायला एवढा लांबचा वळसा घ्यावा लागतो.

इथे एक धोक्याची सूचना. बहिणाबाईंच्या गाण्यांना प्रस्तावना आचार्य अत्र्यांची आहे. नवशिके त्या प्रस्तावनेच्या ओघात थेट ‘कऱ्हेचे पाणी’त उतरतात, आणि ते जाडजूड खंड संपेपर्यंत घरच्यांना दिसत नाहीत. पोहता येत असेल तर जावं.

सोयरिकीची पद्धत

मराठी माणसाला ही पद्धत शिकवावी लागत नाही. ‘तुम्ही कुठले देशपांडे?’ हा प्रश्न आपण अनोळखी माणसाला बसच्या रांगेत विचारतो. तोच पुस्तकांना विचारायचा.

उदाहरणार्थ, इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ घ्या, १९६७ सालचं. महाभारतातल्या माणसांकडे बाई अशा बघतात की कुंती, गांधारी या आपल्याच वाड्यात राहून गेल्यासारख्या वाटतात. नियमानं इथून दुर्गाबाई भागवतांच्या ‘व्यासपर्वा’कडे जायला हवं, आणि जावंही. पण भोचक वाचक विचारतो: या कुठल्या कर्वे? मग कळतं की महर्षी कर्वे हे इरावतीबाईंचे सासरे. झालं, ‘आत्मवृत्त’ हाती येतं. शिस्तीचं, प्रामाणिक, हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसाचं पुस्तक. ते मिटल्यावर लगेच, मध्ये चहासुद्धा न घेता, त्यांच्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बायाबाई कर्व्यांचं ‘माझे पुराण’ उघडावं. संस्था उभारणारा माणूस घरी काय शिल्लक ठेवतो ते संस्थेच्या अहवालात नसतं, इथे आहे. बायाबाई नवऱ्याला कुठे खाली पाडत नाहीत, स्वतःलाही मखरात बसवत नाहीत. माझं मत विचाराल तर घरातल्या या दोन पुस्तकांत सरस तेच. महर्षींचा आदर कमी न करता हे म्हणता येतं, आणि बायाबाईंनीही जन्मभर बहुधा तेच केलं.

याच घरात रघुनाथराव आहेत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत जवळपास एकहाती चालवणारे. त्यांच्याकडे जायचं असेल तर बाकीचे बेत रद्द करावेत. आपण सध्या पुढच्या पिढीकडे, म्हणजे इरावतीबाईंच्या कन्या गौरी देशपांडे यांच्याकडे वळू. त्यांचं ‘विंचुर्णीचे धडे’ फलटणजवळच्या विंचुर्णीत नेतं. शिवाय त्यांनी ‘अरेबियन नाइट्स’ मराठीत आणलं, त्याचे सोळा खंड आहेत. ज्यांना आयुष्यात काही ठरवायचं नाही त्यांच्यासाठी ती सोय आहे.

गौरीबाईंनी सुनीता देशपांड्यांच्या ‘आहे मनोहर तरी’चा इंग्रजी अनुवादही केला. त्या दुव्यानं सुनीताबाई आल्या. सुनीताबाईंनी जी. ए. कुलकर्ण्यांना लिहिलेली पत्रं ‘प्रिय जी. ए.’ या नावानं पुस्तकात आली आहेत. म्हणजे जीए आले. आणि धारवाडला इंग्रजी शिकवणाऱ्या या माणसानं कॉनराड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या: ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’. ओहायोच्या निबिड अरण्यात कुऱ्हाड घेऊन शिरलेल्या कुटुंबाची गोष्ट, झाडं तुटत तुटत गाव वसेपर्यंतची.

गांधारीच्या दुःखापासून निघालेले तुम्ही महर्षींचं हिंगणे, विंचुर्णी, धारवाड करत ओहायोत पोहोचलात. गाडी कुठेही बदलावी लागली नाही. कुणी विचारलं, ‘रिक्टरकडे कसे काय वळलात?’ तर ‘सहज’ म्हणावं. खरं सांगायला बसलात तर समोरच्याची लोकल चुकेल.

गावाची पद्धत

ज्यांना मामाचं गाव आहे त्यांच्यासाठी. माझ्यापुरतं सांगायचं तर मामा पेणजवळचा, म्हणून ‘वरसईकर’ हे नाव पाहून मी विष्णुभट गोडशांचं ‘माझा प्रवास’ उचललं. वरसई पेणजवळच. १८५७ चं बंड वगैरे आत आहे याची मला तेव्हा कल्पना नव्हती. गणपतीच्या मूर्तींबद्दल काही असेल अशी आशा होती. निघाला पेणचा भिक्षुक, घरचं कर्ज फेडायला ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडच्या यज्ञाची दक्षिणा मिळवायला गेलेला, आणि सापडला थेट झाशीच्या वेढ्यात. मिळवलं ते लुटलं गेलं, आणि शेवटी तो गंगेची कावड घेऊन घरी आला. चिंतामणराव वैद्यांनी हे १९०७ साली छापलं तेव्हा पदरचे बदल केले. मूळ लिखाण वाचायचं असेल तर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली आणलेली प्रत शोधावी. वाचनालयात ती बहुधा वरच्या फळीवर असते आणि शिडी दुसऱ्या खोलीत.

यानंतर जग तुम्हाला झाशीच्या राणीच्या चरित्राकडे ढकलेल. जाऊ नये असं नाही. पण मला अडकवलं ते ग्वाल्हेरनं. कोकणातल्या माणसाला पैसा किंवा विद्या हवी असली की तो ग्वाल्हेरला का जातो? हा प्रश्न डोक्यात असताना धर्मानंद कोसंबींचं ‘निवेदन’ हाती आलं. गोव्यातल्या साखवाळचा माणूस. गोडसे भटजींनंतर चाळीसेक वर्षांनी घर सोडतो, पुण्याहून त्याच मुलखात जातो, ग्वाल्हेर करून काशीला पोहोचतो, अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकतो आणि पुढे नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश. भटजी गंगाजल घेऊन परतले, कोसंबी बुद्ध घेऊन.

आणि हा बुद्ध त्यांना पहिल्यांदा कुठे भेटला? ‘बालबोधमेवा’ या मिशनऱ्यांच्या, मुलांसाठीच्या मासिकात. चार पानं चाळून बाजूला टाकायचा अंक; या माणसानं त्यापायी घरदार सोडलं. या मार्गदर्शकात पुढे अडचणींवर एक भाग आहे, पण अशा अपघातावर उपाय दिलेला नाही.

तसाच दुसरा प्रसंग. कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी १८९८ साली बुद्धाचं मराठी चरित्र लिहिलं. भीमराव आंबेडकर नावाचा एक विद्यार्थी परीक्षा उत्तीर्ण झाला म्हणून सत्कार झाला, तेव्हा केळुसकरांनी आपल्या पुस्तकाची प्रत त्याला भेट दिली. घरात वडील रामायण-महाभारत वाचून घेत. त्यात हे पुस्तक आलं. पुढे १९५६ साली नागपूरला काय झालं ते सांगायला नको, आणि ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ दुसऱ्याच वर्षी, बाबासाहेबांच्या पश्चात, प्रसिद्ध झाला. सत्काराला शाल-श्रीफळ देण्याची प्रथा पुढे कुणी पाडली ते शोधून काढायला हवं.

रद्दीतली पद्धत

नव्या पुस्तकात फक्त लेखक असतो. जुन्यात आधीचे वाचकही असतात, आणि ते लेखकापेक्षा मोकळेपणानं बोलतात. म्हणून नवशिक्यांनी निदान चार पुस्तकं रद्दीवाल्याकडून, फुटपाथवरून किंवा बंद पडलेल्या वाचनालयाच्या गठ्ठ्यातून घ्यावीत. वाळवीची भोकं आरपार गेलेली नाहीत एवढं पाहावं.

माझ्याकडे विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ची अशी एक प्रत आहे. पहिल्या पानावर निळ्या शाईत, वळणदार अक्षरात: ‘चि. सौ. कां. हिस साखरपुड्याप्रीत्यर्थ, सर्व मंडळींकडून’. नाव ओल्या कपाखाली विरघळून गेलंय, कपाचं वर्तुळ मात्र शाबूत आहे. ‘रणांगण’ १९३९ सालचं. युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून पळालेले ज्यू, त्यांतली हॅर्टा आणि आपला चक्रधर. त्या प्रेमाचं जे होतं ते साखरपुड्याला देण्यासारखं अजिबात नाही. मंडळींनी आत वाचलं नसेल हे समजू शकतो. पण नाव? की नाव बघूनच दिलं?

खरी करामत शेवटच्या कोऱ्या पानावर आहे. पेन्सिलीनं, बारीक अक्षरात: ‘यांचं पुढचं कोणतं वाचावं?’ खाली दुसऱ्या हातानं, ठसठशीत: ‘यांचं नको. बायकोचं वाचा. विभावरी शिरूरकर.’ त्याखाली तिसरं अक्षर, बॉलपेन: ‘बायको??’

एवढ्या आधारावर मी विभावरीबाईंकडे गेलो. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा ही लेखिका कोण यावरून गदारोळ उठला होता. त्या बाळूताई खरे; पुढे बेडेकरांशी लग्न होऊन मालती बेडेकर झाल्या. ‘कळ्यांचे निःश्वास’ आणि ‘हिंदोळ्यावर’ यांवर पुष्कळ बोललं जातं. मी सांगेन ‘बळी’, १९५० ची कादंबरी. सोलापुरात, ज्यांना सरकारनं जन्मानंच गुन्हेगार ठरवलं होतं अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलेलं असे. मालतीबाईंनी त्या वसाहतीत नोकरी केली होती, आणि ‘बळी’ तिथली गोष्ट आहे. ती वाचून झाल्यावर लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ घ्यायला कुणी सांगावं लागत नाही. कुंपणाबाहेरच्या बाईनं सांगितलेलं आधी वाचलं होतं. ‘उचल्या’त आतला माणूस १९८७ साली स्वतःच बोलायला लागतो, आणि आधीची काही पानं परत काढून वाचावी लागतात.

साखरपुड्याचं पुस्तक कुठवर घेऊन आलं बघा. त्या बॉलपेनवाल्याचा मी शोध घेत नाही. पण पेन्सिलवाल्या दोघांपैकी ठसठशीत अक्षराचं माणूस वाचनालयातल्या मावशी असाव्यात अशी माझी खात्री आहे. पुस्तक बदलून देताना शिक्का मारत मारत ‘हे नको, ते ने’ म्हणणाऱ्या बायका पूर्वी प्रत्येक वाचनालयात असत. आता संगणक असतो. तो म्हणतो, ‘हे घेणाऱ्यांनी हेही घेतलं.’ घेतलं असेल. त्यांची आत्या कुठे दिली आहे?

नेहमी येणाऱ्या अडचणी

*एकाच लेखकात रुतणे.* चार पुस्तकं ओळीनं एकाचीच झाली की समजावं. उपाय: त्याच्या प्रस्तावनेत ज्याचे आभार मानले आहेत त्याचं पुस्तक घ्यावं. आभार बायकोचे असतील तर वरचा ‘रद्दी’ भाग पाहावा.

*धागा तुटणे.* पुस्तक आवडलं, पण काहीच अडकलं नाही. अशी पुस्तकं असतात, बहुधा पुरस्कारप्राप्त. वाचल्याची नोंद करून सोडून द्यावीत.

*पहिलं पुस्तक अपुरं राहणे.* हे होणारच. ओहायोत पोहोचलेल्या किती जणांनी ‘युगान्त’चं शेवटचं प्रकरण वाचलंय, याची चौकशी करू नये.

*कपाटात जागा नसणे.* पुस्तकं विषयवार लावायला जागा जास्त लागते, कारण विषय वाढतात. ज्या क्रमानं आली त्या क्रमानं लावावीत. गोडसे भटजींशेजारी कोसंबी, त्यांच्याशेजारी केळुसकर. पाहुण्यांना वेडेपणा वाटेल. ते वाचायला पुस्तक मागणार नाहीत, हा वरकड फायदा.

गृहपाठ

१. पु. ल. देशपांड्यांच्या ‘एका कोळियाने’पासून, म्हणजे हेमिंग्वेपासून, निघून लोकमान्यांच्या ‘गीतारहस्या’पर्यंत पोहोचा. मंडालेचा उपयोग करून घ्यावा. आप्तेष्टांचा वापर करण्यास मुभा आहे.

२. कोणत्याही जुन्या पुस्तकातली अर्पणपत्रिका उतरवून घ्या आणि ती व्यक्ती लेखकाची कोण लागत होती ते घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा. उत्तर चुकलं तरी लिहून ठेवा. चुकीच्या उत्तरातून निघणारी पुस्तकं वेगळी असतात.

३. तुमच्याकडे परत द्यायचं राहिलेलं एक पुस्तक आहे. ज्यांचं आहे त्यांच्याकडे जा आणि ते त्यांच्याकडे कुठून आलं ते विचारा. बोलता बोलता ते कपाट उघडतील. तेव्हा तुमचं पिशवीतच राहू द्या, आणि त्यांनी काढून दिलेलं दुसरं घेऊन या.